चाळीस रुपयांचा सेल आणि चार दिवसांची हजेरी

गेल्या पावसाळ्यातील एका सोमवारची ही गोष्ट आहे. सकाळचे पावणेनऊ वाजले होते. बाहेर रिपरिप चालू होती आणि आम्ही ओसरीवर चहा घेत बसलो होतो. इतक्यात आतल्या खोलीतून आमच्या पुतणीची हाक आली.

"काका, इकडे या न जरा. हा कम्प्युटर मले आत घेऊनच नाही राहिला."

आमची पुतणी बी. कॉम. झालेली आहे. परगावच्या एका कंपनीचे बिलांचे काम ती घरी बसून करते. कळमेश्वरहून नागपूर वीसेक किलोमीटर. पलीकडे मिहानला जायचे म्हटले तर दोन गाड्या बदलाव्या लागतात. सकाळी निघालेली पोर रात्री घरी येणार. म्हणून घरूनच होणारे हे काम मिळाले तेव्हा घरात सर्वांनाच बरे वाटले होते. आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, एमआयडीसीतल्या कारखान्यात जादा पाळ्या करून पैसे जमवले आणि एक जुना डेस्कटॉप संगणक विकत घेतला. लॅपटॉप घेण्याची ऐपत नव्हती. फायबरचे नेट घेतले, टेबल घेतले आणि वहिनींनी खिडकीला पडदा शिवला. असे ते आमच्या घरचे कार्यालय.

नऊच्या ठोक्याला या कार्यालयाचे दार उघडावे लागते. दार उघडले तर हजेरी, नाही तर गैरहजेरी. त्या दाराचे नाव व्हीपीएन.

व्हीपीएन म्हणजे काय?

हे अक्षर आता पुष्कळ घरांत ऐकू येते, म्हणून थोडे सोपे करून सांगतो. व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, आपल्या भाषेत आभासी खासगी जाळे. पोस्टकार्ड कोणीही वाचू शकतो, लाखबंद पाकीट मात्र ज्याच्या नावे असेल त्यानेच फोडायचे असते. इंटरनेट हा सर्वांचा रस्ता आहे. त्या रस्त्याने कंपनीचे हिशेब उघडे जाऊ नयेत म्हणून घरचा संगणक आणि कंपनीचा संगणक यांच्यामध्ये एक बंदिस्त बोगदा तयार करतात. आत जाणारा प्रत्येक कागद कुलूपबंद होतो आणि पलीकडच्या टोकाला उघडतो.

ही विद्या फार जुनी नाही. १९९६ साली मायक्रोसॉफ्टमधील गुरदीप सिंग पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीपीटीपी नावाची पद्धत तयार केली. ती पद्धत आता सुरक्षित मानली जात नाही. पुढे तिच्याहून पक्क्या पद्धती निघाल्या. २००१ साली ओपनव्हीपीएन आले. मोठ्या कचेऱ्यांपुरती असलेली ही गोष्ट २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि एकाएकी घराघरांत शिरली. टाळेबंदी उठली, पण कामाची ही रीत पुष्कळ ठिकाणी राहून गेली.

आता बोगद्याच्या तोंडाशी काय घडते ते पाहा, कारण आमच्या गोष्टीचे मर्म तिथेच आहे. नागपूरच्या एम्प्रेस मिलचा भोंगा ऐकून घड्याळ लावणारी माणसे आमच्या घरात होऊन गेली. मिलच्या दारावर पास पाहिल्याशिवाय कोणाला आत सोडत नसत. बोगद्याच्या दारावरही पास असतो. त्याला सर्टिफिकेट म्हणजे प्रमाणपत्र म्हणतात. कंपनीचा संगणक ते पुढे करतो आणि आपला संगणक ते तपासतो. त्यावर नाव असते, मोहोर असते आणि 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असेही लिहिलेले असते. तारीख तपासताना आपला संगणक भिंतीवरचे कॅलेंडर पाहत नाही. तो पाहतो स्वतःच्या पोटातले घड्याळ.

चार दिवस कसे गेले

त्या सोमवारी पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. जोडणी होऊ शकली नाही, प्रमाणपत्र ग्राह्य नाही, असा काहीसा मजकूर होता. पुतणीने ती चौकट बंद केली आणि पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच चौकट. ब्राउझर उघडला तर तिथे 'तुमची जोडणी खासगी नाही' असे लाल अक्षरांत आले. वहिनी घाबरल्या. "काहून व बाई, कोणी आपलं खातं तं नाही न उघडलं?" मोबाइल मात्र त्याच नेटवर छान चालत होता. म्हणजे नेट होते, वीज होती, तरी दार बंद होते.

पुतणीने वरिष्ठांना फोन केला. "बघून घे आणि लवकर लॉगिन कर," एवढेच उत्तर आले. सोमवार गेला, मंगळवारही तसाच गेला. शेजारच्या एक बाई सांगून गेल्या की नवीन नोकरीला नजर लागली आहे. आम्ही त्यांना चहा दिला आणि तो विषय तिथेच थांबवला.

बुधवारी सकाळी संगणकाचा डबा चादरीत गुंडाळून दुचाकीवरून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "विंडोज खराब झालं आहे, नवीन टाकावं लागंल." आठशे रुपये घेतले. नवीन विंडोज टाकल्यामुळे कंपनीचा व्हीपीएनचा प्रोग्रामही गेला. तो परत मिळावा म्हणून पुतणीने कंपनीच्या मदत कक्षाला ईमेल केला. तेव्हा कुठे तिला पहिल्यांदा तक्रार क्रमांक मिळाला. संध्याकाळी प्रोग्राम बसला आणि दार उघडले. घरात आनंद झाला. वहिनींनी शेवया केल्या. रात्री नेहमीप्रमाणे बोर्डाचे बटण बंद करून सगळे झोपले.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता पुन्हा तीच चौकट!

त्या दिवशी पोर रडली. सहा महिन्यांची कच्ची नोकरी, त्यात चार दिवस 'गैरहजर' अशी नोंद. "बाबांनी माझ्यासाठी डबल डबल पाळ्या केल्या, काका. आता ते मले काय म्हणतील?" तिचे वडील काही म्हणणारे नाहीत हे आम्हाला ठाऊक होते. पण गरिबाच्या घरी बिघाड झाला की माणूस यंत्राला दोष देत नाही, तो स्वतःलाच देतो. आपल्याला जमत नाही, आपण कमी पडलो, असे त्याला वाटू लागते. शिकलेल्या मुलीच्याही मनात हे येते. म्हणूनच ही गोष्ट आम्ही या पानावर लिहायला घेतली.

मदत कक्षातील माणूस फोनवर बोलला, "मॅडम, टाइम चेक करा." त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. पण कशाचा टाइम ते त्याने सांगितले नाही, आणि पुतणीनेही विचारले नाही. तिने मोबाइल पाहिला, भिंतीवरचे घड्याळ पाहिले. दोन्हींत दहा मिनिटांचा फरक दिसला. म्हणून तिने मोबाइलची आपोआप चालणारी वेळ बंद केली आणि ती भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवली. दार उघडले नाहीच.

कम्प्युटरचे बारा वाजले

दुपारी तीनला पाळी सुटली आणि थोरले बंधू घरी आले. ते कारखान्यात देखभाल विभागात मदतनीस आहेत. संगणकातले त्यांना फारसे कळत नाही, पण यंत्र बंद पडले की काय विचारायचे हे त्यांना तीस वर्षांच्या नोकरीने शिकवले आहे. हातपाय धुऊन ते टेबलाशी आले आणि म्हणाले, "काल संध्याकाळी चालत होतं न? मंग कालपासून आजपर्यंत बदललं काय, ते सांग."

"काही नाही बाबा. बंद केला, सकाळी चालू केला."

बंधूंनी चष्मा लावला आणि पडद्याकडे निरखून पाहिले. मग उजव्या कोपऱ्यात खाली बोट ठेवून हसले. "अवं, याच्यात तं रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं झाले आहेत. अन् तारीख कोणती आहे पाय बरं."

तारीख होती १ जानेवारी २०१५.

संगणकाचे खरोखरच बारा वाजले होते. चार दिवस आम्ही सर्वजण त्या पडद्याकडे पाहत होतो, पण त्या कोपऱ्याकडे कोणी पाहिले नाही. कंपनीचे प्रमाणपत्र अलीकडे दिलेले होते. आमच्या संगणकाच्या मते अजून २०१५ साल चालू होते. मग 'हा पास तर अजून सुरूच व्हायचा आहे' असे म्हणून त्याने तो नाकारला, यात त्याचे काय चुकले? दारवान प्रामाणिक होता, फक्त त्याच्याजवळचे कॅलेंडर चुकीचे होते. ब्राउझरचेही तेच. त्या लाल पानावर खाली घड्याळाविषयी एक ओळ लिहिलेली होती. आम्ही घाबरून ती वाचलीच नव्हती.

आता प्रश्न असा की तारीख मागे गेली कशी? दुकानदाराने बुधवारी ती लावून दिली होती. पण ती हलली का, हे त्याने विचारले नाही.

प्रत्येक डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. बहुतेक ठिकाणी त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. त्यातील २० म्हणजे २० मिलीमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलीमीटर जाडी. तो तीन व्होल्टचा असतो. संगणकाला बाहेरून वीज मिळत नसते तेव्हा पोटातले घड्याळ या सेलवर चालते. भिंतीवरचे बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही घड्याळाला बाहेरची थोडी वीज मिळत राहते आणि सेल खर्च होत नाही. आमच्या घरी मात्र वीज वाचावी म्हणून रोज रात्री बोर्डाचे बटण बंद होते. पावसाळ्यात लाईन जाते ती वेगळीच. शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत बटण बंद होते. जुना सेल तेवढ्यात संपला आणि घड्याळ पहिल्या पानावर जाऊन बसले. लॅपटॉपमध्ये स्वतःची मोठी बॅटरी असते, त्यामुळे तिथे हा प्रकार क्वचित होतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये मात्र तो नेहमीचा आहे.

कोणी विचारील, विंडोज आपली वेळ इंटरनेटवरून स्वतः लावते ना? लावते. पण घरगुती संगणकाच्या सर्वसाधारण मांडणीत फरक पंधरा तासांहून जास्त असेल तर ते आपोआप दुरुस्ती करीत नाही. इथे फरक दहा वर्षांहून जास्त होता.

वस्तीतला एक पोरगा संगणकाचे काम शिकतो. तो जयभीम करून आत आला. बोर्डाचे बटण बंद केले, वायर काढली, डब्याच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवली आणि मग झाकण उघडले. जुना सेल कोणत्या बाजूने बसला आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढला. बाजूची छोटी पट्टी नखाने दाबताच सेल वर आला. नवीन सेल अक्षरांची बाजू वर ठेवून बसवला. संगणक सुरू करताना डिलीटची कळ दाबून आतील मांडणीत गेला आणि तारीख-वेळ लावली. सगळे मिळून वीस मिनिटे लागली. सेलची किंमत चाळीस रुपये.

आता दार उघडणार म्हणून सगळे टेबलाभोवती जमले. प्रमाणपत्राची चौकट आली नाही. नाव आणि पासवर्ड घेतला. मग मोबाइलवरचा सहा आकडी संकेत मागितला. पुतणीने तो टाकला, तर उत्तर आले, 'संकेत चुकीचा'. तिचा चेहरा पुन्हा उतरला.

पण एव्हाना घरातील सर्वांना वेळेचा वहीम आलाच होता. हा सहा आकडी संकेत मोबाइल स्वतः तयार करतो, तोही घड्याळ पाहूनच. साधारणतः दर ३० सेकंदांनी तो बदलतो. कंपनीचा संगणकही आपल्या घड्याळावरून तोच आकडा काढतो. दोन्ही आकडे जुळले तर तुम्ही आत जाता. सकाळी पुतणीने मोबाइल भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवला होता आणि ते घड्याळ बंधूंनी पहिली पाळी चुकू नये म्हणून वर्षानुवर्षे दहा मिनिटे पुढे ठेवलेले! मोबाइल दहा मिनिटे पुढचा आकडा सांगत होता. आपोआप वेळ पुन्हा चालू केली आणि नवा संकेत टाकला. दार उघडले.

कोणत्या क्रमाने पाहावे

आमच्या घरी जे झाले ते तुमच्या घरीही होईलच असे नाही. व्हीपीएन अडण्याची कारणे अनेक असतात. पण क्रमाने पाहिले तर कारण सापडते. आम्ही त्या पोराकडून आणि स्वतःच्या फजितीतून जे शिकलो ते असे.

सर्वांत आधी संगणकाची तारीख, वर्ष, वेळ आणि वेळेचा विभाग पाहावा. नवीन विंडोज टाकल्यावर कधी कधी विभाग परदेशाचा राहतो. आपला विभाग भारतीय प्रमाणवेळेचा, म्हणजे साडेपाच तास पुढचा. विभाग चुकीचा ठेवून नुसते काटे जुळवले तर वेळ दिसायला बरोबर दिसते, पण आतून तासांचा फरक राहतो.

दुसरे, नेट आहे का ते त्याच संगणकावर पाहावे. मोबाइलवर चालते म्हणजे संगणकावरही चालतेच असे समजू नये. वायर ढिली असू शकते.

तिसरे, चौकटीतील मजकूर आणि क्रमांक वहीत उतरवावा किंवा त्याचा फोटो काढावा. विंडोजच्या स्वतःच्या व्हीपीएनमध्ये हे क्रमांक बोलके असतात. ६९१ आला तर नाव किंवा पासवर्ड चुकलेला असण्याचा संभव जास्त. अशा वेळी पुन्हा पुन्हा ठोकत बसू नये, खाते कुलूपबंद होते. ८६८ आला तर कंपनीच्या दाराचा पत्ताच सापडत नाही असे समजावे. ७८९ आला तर दोन्हीकडची गुप्त किल्ली किंवा प्रमाणपत्र जुळत नसावे. ८०९ आला तर मधल्या राउटरने किंवा फायरवॉलने वाट अडवली असावी. काही पद्धतींना ५०० आणि ४५०० या क्रमांकांची दारे उघडी लागतात.

चौथे, मोबाइल वायरने संगणकाला जोडून यूएसबी टेदरिंग करावे आणि मोबाइलच्या नेटवर एकदा प्रयत्न करावा. तिथे चालले तर दोष घरच्या राउटरकडे किंवा नेटच्या लाइनीकडे. तिथेही तेच झाले तर दोष संगणकात किंवा कंपनीकडे. एवढ्या एका चाचणीने अर्धी शोधाशोध वाचते.

पाचवे, बंधूंचा प्रश्न विचारावा: कालपासून बदलले काय? नवा अँटीव्हायरस टाकला? दुसरे एखादे व्हीपीएन टाकले? विंडोजची सुधारणा आली? सुधारणेनेही दार अडते. मायक्रोसॉफ्टच्या ११ जानेवारी २०२२ च्या सुधारणेनंतर एका प्रकारच्या व्हीपीएन जोडण्या बंद पडल्या होत्या आणि १७ जानेवारीला दुरुस्ती द्यावी लागली. एप्रिल २०२४ च्या सुधारणेनंतरही असेच झाले, ते मे महिन्यात सुधारले. म्हणून सुधारणा घेऊच नयेत असे मात्र नाही. सुधारणा न घेणे म्हणजे दाराला कडी न लावणे.

सहावे, त्याच कंपनीत काम करणाऱ्या सोबत्याला विचारावे. त्याचेही बंद असेल तर दोष तुमच्या घरात नाही. मग उगाच दुकानदाराला आठशे रुपये देऊ नयेत.

वेळेचे महत्त्व पुढे वाढणारच आहे. संकेतस्थळांची जाहीर प्रमाणपत्रे १ सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवसांची झाली. ती मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचे ठरले आहे. पास जितका थोड्या दिवसांचा, तितके दारवानाचे कॅलेंडर अचूक असायला हवे. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी जे निर्देश काढले त्यांतही कंपन्यांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी आपल्या संगणकांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवावीत असे सांगितले आहे. भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचे काम दिल्लीतील हीच प्रयोगशाळा करते.

त्याच निर्देशांत बाजारात मिळणाऱ्या व्हीपीएन सेवांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवावी असेही आहे. नोकरीसाठी कंपनीने दिलेले व्हीपीएन त्या अटीतून वगळले आहे. हे दोन प्रकार वेगळे आहेत हे मुलांना सांगून ठेवा. कंपनीचे दार उघडत नाही म्हणून कोणी 'फुकटचे व्हीपीएन टाकून पाहा' म्हणाले तर ऐकू नका. ते दुसऱ्याच गावचे दार आहे. त्यातून तुमच्या कंपनीत जाता येत नाही आणि तुमची माहिती मात्र कोणा अनोळखी माणसाच्या हातून जाते.

माता-भगिनींनी हे जपावे

सेल बदलल्यावर जुना सेल टेबलावर ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर फारच जपा. हा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजून जखम होते. नुसता संशय आला तरी वाट न पाहता दवाखान्यात धाव घ्यावी.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. घरी नोकरी करणाऱ्या मुली अडचणीत असतात हे ठगांना ठाऊक आहे. 'आम्ही कंपनीतून बोलतो, हा प्रोग्राम टाका, तुमचा संगणक आम्ही इकडून दुरुस्त करतो' असा फोन आपणहून आला तर तो ठेवून द्यावा आणि कंपनीने दिलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. पासवर्ड आणि सहा आकडी संकेत कोणालाही सांगू नये, मदत कक्षालाही नाही. प्रमाणपत्राची चौकट आली की 'तरी पुढे जा' असे बटण दाबू नये. आधी तारीख पाहावी. तारीख बरोबर असूनही चौकट येत असेल तर कंपनीला कळवावे. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

हजेरीचे काय झाले?

शुक्रवारी सकाळी नऊला पुतणीची हजेरी लागली. पण मागचे चार दिवस? त्याच दिवशी दुपारी आम्ही तिला बसवून एक सरळ अर्ज लिहायला लावला. कोणत्या दिवशी किती वाजता प्रयत्न केला, चौकटीत काय आले, कोणाला फोन केला, कारण काय निघाले, दुरुस्ती कशी केली, हे सर्व तारीखवार लिहिले. विनवणी केली नाही, माफीही मागितली नाही. जे घडले तेवढेच लिहिले.

महिनाअखेर बुधवार आणि गुरुवार या दोन दिवसांची हजेरी मान्य झाली, कारण बुधवारपासून तक्रार क्रमांक होता. सोमवार आणि मंगळवार कापले गेले. त्या दोन दिवसांचा पुरावा नुसत्या फोनचा होता आणि फोनवरचे बोलणे कागदावर उमटत नाही. पोर खोटी नव्हती, पण तिच्याजवळ कागद नव्हता. सांगण्याचे तात्पर्य हेच की घरी बसून काम करणाऱ्याने दार उघडले नाही की पहिल्या पाच मिनिटांत लेखी कळवावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. यंत्र कशाने बिघडले हे नंतर पाहता येते, हजेरी मात्र त्याच मिनिटापासून कापली जाते.

आणखी एक. आठशे रुपये आणि चार दिवस गेले, त्यात दुकानदाराची लबाडी होती असे आम्ही म्हणत नाही. त्याने लक्षणावर औषध दिले. ताप आला म्हणून गोळी दिली, ताप का आला ते पाहिले नाही. आम्हीही तेच केले. प्रत्येक गोष्टीला कारण असते हे आपण सभेत मान्य करतो. घरातला संगणक अडला की मात्र नशीब, नजर आणि स्वतःची नालायकी यांच्याकडे वळतो. बंधूंना इंग्रजी चौकट वाचता आली नाही, पण 'काल काय होते, आज काय आहे' एवढे त्यांनी विचारले आणि कारण सापडले.

असो. पुतणीची कच्ची नोकरी आता पक्की झाली आहे. पहिल्या पक्क्या पगारातून तिने वडिलांना मनगटी घड्याळ आणले. बंधूंनी ते हातात घातले आणि सवयीने लगेच दहा मिनिटे पुढे केले. बोर्डाचे बटण मात्र वीज वाचवायला अजूनही रोज रात्री बंद होते. नवा सेल आहे तोवर चिंता नाही. टेबलाच्या खणात आणखी एक सेल आणून ठेवला आहे, त्या खणाला कुलूप आहे, आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे आता सकाळी सर्वांत आधी वहिनींची नजर जाते.